दसऱ्याचा पहिला माग

“बंद कर ते,” मी म्हटलं.

हातात पूजेचं ताट होतं. हळद, कुंकू, झेंडू, नारळ. अंगावर नवं इरकली लुगडं. खंडेनवमीची सकाळ होती ती. माझ्या शेडमधले सगळे माग मी आदल्या संध्याकाळीच थांबवून, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवले होते. आमचं गाव मागांचं. बारा महिने खटखटाट चाललेला असतो, बाहेरचा पाहुणा आला तर दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो. पण खंडेनवमीला सगळं गाव गप्प. आणि त्या गप्प गावात माझ्याच घरातली एक खोली गुणगुणत होती.

“बंद करता येत नाही, आत्या,” वैजू म्हणाली.

वैजू, म्हणजे वैजयंती, माझी सून. माझ्या एकुलत्या एका रमाकांतची बायको. तो जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या. त्याच्याच खोलीत तिनं ते यंत्र बसवलं होतं. ती त्याला सर्व्हर म्हणायची. बघायला उभं लोखंडी कपाट, आत मिणमिणते दिवे, आणि मागच्या बाजूला पंखे. आसपासच्या खेड्यांतल्या दवाखान्यांत कुणाच्या छातीचा नाहीतर डोक्याचा फोटो काढला, की तो तारेतून ह्या कपाटात यायचा. मग मिरजेचा मोठा डॉक्टर बसल्या जागी तो बघून सांगायचा, माणसाला गाडीत घालून आणा का तिथंच गोळ्या द्या. एवढं मला कळलं होतं. बाकीचं कळून घ्यायची गरज मला वाटली नाही.

“माझे माग थांबलेत,” मी म्हटलं. “सुताराचा रंधा थांबलाय, न्हाव्याचा वस्तरा थांबलाय. ह्यालाच काय शिंगं फुटलीत?”

“खेड्यातला माणूस खंडेनवमी बघून आजारी पडत नाही, आत्या.”

“बघ, जीभ बघ! सांगलीच्या कॉलेजात एवढंच शिकवलं व्हय?”

“तुमच्याच घरात आल्यावर शिकले.”

दुसऱ्या कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी ताट खाली ठेवून त्याचा उद्धार केला असता. पण वैजूची ही सवय मला, खरं सांगायचं तर, आवडायची. मिळमिळीत माणसाशी भांडण्यात काय मजा? तरी त्या दिवशी मी मागे हटणार नव्हते.

“हत्याराला वरसातनं एक दिवस विसावा द्यायचा असतो,” मी म्हटलं. “न्हाई दिला तर ते माणूस मागून घेतं. रमाकांतनं त्या साली ऑर्डरीपायी आजच्याच दिवशी माग चालवले. मी नको म्हणत हुते. दिवाळीच्या आत काय झालं?”

ती हळू म्हणाली, “ते ट्रकखाली गेले, आत्या. मागाखाली नाही.”

मी ताट बाजूला ठेवलं. मी उंबऱ्यावर टेकले.

तीही येऊन शेजारी बसली. म्हणाली, “तसंही उद्या तुमच्या मनासारखंच व्हायचंय. बंद करायला मला हात लावावा लागणार नाही. तुमची गल्लीच ते बंद पाडेल.”

“गल्लीनं काय केलं?”

तिनं मला मग सगळं समजावून सांगितलं. दसऱ्याला मुहूर्ताची घंटा झाली की सगळी गल्ली एका दमात माग चालू करते. “आपल्या चौकातल्या नळाला सगळ्या बायकांनी एकदम घागरी लावल्या तर काय होतं?” तिनं विचारलं.

“धार जाती. नुसता सुस्कारा सोडतोय नळ.”

“आणि सगळ्यांनी एकदम काढल्या तर?”

“फस्सकन अंगावर उडतंय.”

“लाइटचं तसंच. सगळे माग एकदम ओढायला लागले की दाब पडतो, मग डीपीचा, त्या कोपऱ्यावरच्या लाइटच्या पेटीचा, फ्यूज उडतो. वायरमन येऊन जोडतो, आणि लाइट परत येते ती अंगावर उडाल्यासारखी येते. मागच्या दसऱ्याला गल्लीतले टीव्ही गेले ते असेच. ह्या यंत्राला तसा एक तडाखा बसला तर आतलं सगळं जळून जाईल.”

“मग ते खाली ठेवलंयस ते कशाला? सारखं पी पी करत असतंय ते?”

“यूपीएस. लाइट गेली की ते बॅटरीवर सांभाळून घेतं, आणि दाब वरखाली झाला तर मधल्या मध्ये अडवतं. पण रोजच्या भारनियमनानं बॅटऱ्यांचा जीव संपलाय. नव्या बॅटऱ्या कोल्हापुरात ट्रान्स्पोर्टच्या गोदामात पडल्यात, तिथंही पूजा. थोडा वेळ धरतील ह्या, जास्त नाही. आणि उद्या डीपी उडाली तर वायरमन कुठून मिळणार? सगळ्या गावाच्या डीप्या उडालेल्या असणार.”

“जनरेटर आण.”

“गावातला एकूण एक जनरेटर नवरात्राच्या मांडवात आहे. सगळीकडे विचारून झालं.”

डॉक्टर लोकांनी तिला दसऱ्यापर्यंतची मुदत दिलेली होती, हे मला ठाऊक होतं. तोवर यंत्र एकदाही थांबलं नाही तर काम कायमचं तिच्याकडे, आमच्या घरात. थांबलं तर कपाट उचलून पुण्याला, आणि वैजूनंही तिकडं नोकरीला यावं, असं बोलणं झालेलं.

“पुण्याला गेले तरी दर महिन्याला येत जाईन की, आत्या,” ती म्हणाली.

“जायचं त्यानं जावं,” मी म्हटलं. “मी कुणाच्या पदराला गाठ मारलेली न्हाई.” आणि ताट उचलून शेडकडे गेले. येतो म्हणून तर रमाकांतही गेला होता.

मागांची पूजा मी स्वतः करते. नवरा गेला तेव्हा एकदोघींनी कुजबुज केली होती, विधवेनं कुंकवाच्या ताटाला हात लावावा का म्हणून. मी त्यांना म्हटलं, तुमच्या नवऱ्यांना पाठवा पूजेला, पण येताना माग चालवायला शिकून या म्हणावं. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. तर त्या दिवशी मी एकेका मागाला कुंकू लावत होते, तेवढ्यात कांड्या भरणारी सखू आली. ही सखू म्हणजे गल्लीचा रेडिओ. बटण नसलेला.

“अक्का, काल सूनबाई दारोदार फिरत हुत्या की,” ती म्हणाली.

“कशापायी?”

“माग एकदम चालू करू नका, एकामागनं एक करा, म्हणून इनवत हुत्या. हसले की सगळे. म्हणले, पोरी, देवीच्या मुहूर्ताचा मान काय तुझ्या डब्यापायी मोडायचा? त्या हात जोडत हुत्या, अक्का. मला बगवंना.”

माझ्या हातातलं कुंकू सांडलं.

आम्हा सातपुत्यांच्या सुनेनं गल्लीत हात जोडले, आणि गल्ली हसली. आणि घरी येऊन पोरीनं मला त्यातलं अक्षर सांगितलं नाही. का सांगितलं नाही? मी काय म्हणेन हे तिला ठाऊक होतं म्हणून. मीच पहिली हसले असते.

पूजा तशीच अर्धी ठेवून मी पायांत चपला घातल्या.

पहिलं दार मुजावरांचं. सुभानभाई मुजावर भला माणूस. चार माग, तोंडात साखर, आणि दसऱ्याचा नारळ आमच्याआधी आणून ठेवणार. मी त्याला नळाची गोष्ट सांगितली. वैजूनं सांगितली तशीच, फक्त मी मध्ये चार शिव्या घातल्या.

“अक्का, तुम्ही म्हणाल तवा माग चालू करतो,” तो म्हणाला. “मुहूर्त काय घंटेच्या एका टोल्यात संपतोय व्हय? चांगला पाऊण तास असतोय. पण अण्णांचं काय? ते घंटेबरोबर मागाचा खटका ओढणार. मग मागनं सगळी गल्ली ओढणार. तुम्ही अण्णांकडनं हो म्हणवून आणा.”

पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारात तेच. “अण्णा काय म्हणतात?” “अण्णांना विचारलं का?” सगळ्या वाटा एकाच उंबऱ्याला जाऊन लागत होत्या, आणि त्या उंबऱ्यावर मी रमाकांत रांगत होता तेव्हापासून पाय ठेवलेला नव्हता.

दत्तूअण्णा ढगे. आमच्या समोरचं शेड. गल्लीतले सगळ्यात जास्त माग त्यांचे. माझे मालक सदाशिव आणि ते एका उस्तादाच्या हाताखाली माग शिकले, एका ताटात जेवले. मालक गेले, आणि दिवस होतात न होतात तोवर हा माणूस माझ्या दारात येऊन म्हणाला, “वहिनी, माग माझ्याकडं सोपवा. बाईमाणसाचं काम न्हवं ते.” मी म्हटलं, “माझं कुंकू गेलंय, हात न्हाई गेलेले. चालते व्हा.” त्या दसऱ्याला देवळाची घंटा वाजली आणि सगळ्या गल्लीच्या आधी माझा माग बोलला. अर्धा श्वास आधी, पण आधी. त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि त्याच्याही पुढच्या. दसऱ्याचा पहिला माग गोदाक्काचा, हे गल्लीत ठरूनच गेलं. मी तो मान नथीसारखा मिरवला. दत्तूअण्णा आणि मी मात्र त्या दिवसापासून एकमेकांशी बोललो नाही. अगदीच गरज पडली तर मधे माणूस घालून बोलायचो.

त्या दिवशी अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांची बायको पारूवहिनी सुपात तांदूळ घेऊन निवडत होती. मला बघून तिच्या हातातलं सूप कललं.

“पारू,” अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, “कोण आलंय बघ. बसा म्हणावं.”

“पारूवहिनी, त्यांना सांगा, मी बसायला आलेली न्हाई.”

“अवो, त्या बसायला...”

“ऐकलं मी. भैरा न्हाई झालो अजून. चा टाकायचा का विचार.”

“चा नको म्हणावं. उद्याचं बोलायचंय.”

पारूवहिनी बिचारी एकदा इकडे, एकदा तिकडे. तांदळातला खडा आणि तांदूळ तिला एकच दिसायला लागले असणार.

मी बोलले. वैजूचं यंत्र, नळाच्या घागरी, डीपी, खेड्यातल्या लोकांचे छातीचे फोटो, मुदत, पुणं, सगळं पारूवहिनीला सांगितलं. शेवटी म्हटलं, “आणि म्हणावं, माझी सून काल ह्या दारात हात जोडून गेली. तवा कोण कोण हसलं?”

“मी घरात नव्हतो म्हणावं,” अण्णा म्हणाले. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज उतरला. “पोरं हसली असतील. सांजच्याला कान धरतो एकेकाचा.”

“कान नकोत. मला उद्याची पाळी ठरवून पायजे. एकेक शेड चालू व्हावं. वैजू खिडकीत उभी राहील. यंत्राला धक्का न्हाई बसला असं बघून ती हात वर करेल, की पुढल्यानं खटका ओढायचा.”

“पारू, विचार तिला, पहिलं कोण आणि शेवटचं कोण? मान आहे तो. गल्ली ऐकंल का?”

हे मी येतानाच ठरवलं होतं.

“सांगा त्यांना,” मी म्हटलं, “पहिला माग त्यांचा. शेवटचा माझा. मी शेवटी गेले की बाकीच्यांना बोलायला तोंड ऱ्हाणार न्हाई.”

पारूवहिनीचं सूप हातात तसंच राहिलं. अण्णा मान हलवून म्हणाले, “न्हाई.”

“न्हाई? आयता मान दारात आणून दिला तरी न्हाई?”

“पारू, तिला सांग. सदाशिवाच्या घराआधी माझा माग कधी वाजला न्हाई, आणि वाजायचा न्हाई.”

“कसा वाजंल?” मी म्हटलं. “मी वाजू दिला तर ना! इतकी वर्षं माझ्या हाताच्या पुढं हात गेला का कुणाचा?”

आणि पारूवहिनी हसली. तोंडावर पदर धरून हसली, पण हसली.

“काय झालं दात दाखवायला?”

“गोदाक्का,” ती म्हणाली, “तुमच्या मागाचा पट्टा तुटला हुता ते साल आठवतंय?”

आठवतंय म्हणजे! घंटा झाली, मी खटका ओढला, आणि पट्टा तटकन तुटून गळ्यात पडला. रमाकांतनं पळत जाऊन दुसरा पट्टा आणला, चढवला, मी घामाघूम झाले. आणि तरी सगळ्या गल्लीत पहिला माग माझाच बोलला. पुढचं वर्षभर मी सांगत फिरत होते, की देवी चौंडेश्वरीनं गल्ली थांबवून धरली म्हणून.

“देवी कशाची थांबवतीय,” पारूवहिनी म्हणाली. “हे रस्त्यात उभे राहून दोन्ही हात आडवे करून हुते. कुणी खटका ओढला तर बघा म्हणत. दरसाली हेच. हात खटक्यावर ठेवून कान तुमच्या शेडकडं. तुमचा आवाज आल्याबिगर ह्यांनी कधी ओढलाच न्हाई. आणि ह्यांच्याआधी दुसरं कोण ओढणार?”

नथीतला मोती काढून बघावा आणि तो लाखेचा निघावा, तसं झालं मला. लाज वाटली असं खोटं कशाला लिहू? राग आला. भडकून आला.

“म्हणजे दान घालत हुते व्हय मला?” मी म्हटलं. “इतकी वर्षं मी मान म्हणून मिरवला, ती ह्यांची भीक हुती? पारूवहिनी, सांगा ह्यांना...”

“दान न्हवं,” अण्णा म्हणाले. अजून भिंतीकडेच बघत होते. “पारू, तिला म्हणावं, दंड हुता तो. सदाशिवाची चिता इझली नव्हती आणि मी जाऊन तसलं बोललो. त्याचा दंड मीच मला घातला आणि मीच भरला. तोंडानं म्हणायला गेलो असतो तर तिनं धोटा फेकून मारला असता.”

ते मात्र खरं. मागाचा जड लाकडी धोटा हाताशीच होता तेव्हा.

मी बसले. इतक्या वर्षांनी त्या ओट्यावर बसले. पारूवहिनीनं काही न विचारता आत जाऊन चहा टाकला. आम्ही दोघं दोन टोकांना, मधे कुणी नाही, म्हणून बोलणंही नाही. समोर माझं घर दिसत होतं. सगळी गल्ली थांबलेली असल्यामुळे त्या घरातली गुणगुण इथपर्यंत ऐकू येत होती. रमाकांत गेल्यावर ती खोली वर्षभर मुकी होती. मी तिच्यासमोरून जाताना खाली बघून जायची.

पारूवहिनी कपबशा घेऊन आली, तेव्हा मी म्हटलं, “ह्यांना सांगा, सदाशिवाच्या घरचं यंत्र चालूच हाय.”

“आं?”

“कान देऊन ऐका म्हणावं. सगळ्या गावात आज एकच यंत्र चाललंय, आणि ते सदाशिवाच्या घरात. उद्या घंटा हुईल तवा त्याच्याआधीच ते चालू असणार. म्हणजे पहिला मान झाला. आता दुसरा नंबर लावायला ह्यांची काय हरकत हाय का विचारा.”

ज्या गोष्टीपायी सकाळी मी सुनेशी भांडले होते, तीच गोष्ट मी मान म्हणून पुढे केली. जीभ माझीच आहे, कुठं वळवायची ते मला कळतं.

अण्णांनी कान दिला. खरंच दिला, मान वाकडी करून. मग बशीतला चहा ओढला आणि म्हणाले, “पारू, तिला सांग, तिच्याशी बोलण्यात काय कुणी जिंकलेलं न्हाई. दुसरा नंबर माझा.”

संध्याकाळपर्यंत अण्णांनी सगळी पाळी लावून टाकली. घरी आल्यावर मी वैजूला एवढंच म्हटलं, “उद्या घंटेला खिडकी उघडून उभी राहा. हात वर करायला जमंल ना? जोडायला जमतंय ते कळलं मला.”

तिचे डोळे भरून आले. मी स्वयंपाकघरात गेले. रडणाऱ्या माणसाजवळ मला उभं राहता येत नाही.

दसऱ्याला दुपारी सगळी गल्ली रस्त्यावर आली. प्रत्येक शेडच्या दारात नारळ, झेंडूचं तोरण, आणि आत खटक्यावर हात ठेवलेला माणूस. वैजू खिडकीत. तिच्या पाठीमागं यंत्राचे दिवे. मी माझ्या शेडच्या दारात, सगळ्यांत शेवटी.

गुरवानं घंटा वाजवली.

इतर गल्ल्यांतून एकदम गडगडाट उठला, आभाळ फाटल्यासारखा. आमच्या गल्लीत काहीच झालं नाही. आमची गल्ली गप्प उभी राहिली, आणि त्या गप्प गल्लीत वैजूच्या यंत्राची गुणगुण सगळ्यांनी ऐकली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुभानभाई मुजावरनं उगीचच डोक्यावरची टोपी सारखी केली.

वैजूनं हात वर केला. अण्णांचं शेड बोललं. माझ्या शेडमधला बल्ब जरासा पिवळा पडला, मग सावरला. वैजू आत वळून बघायची, आणि हात वर करायची. मुजावर. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या पलीकडचा. एकेक शेड आवाजात आवाज मिसळत गेलं. एरवी सगळी गल्ली एकदम सुटायची तेव्हा कुणाचा माग कोणता ते कळायचं नाही. त्या दिवशी मला प्रत्येकाचा वेगळा ऐकू आला.

फक्त माझंच शेड राहिलं होतं, तेवढ्यात मागल्या गल्लीत फाटकन आवाज झाला. त्यांची डीपी उडाली. तिकडचे सगळे माग एका क्षणात मुके झाले. आणि माझ्या डोक्यावरचा बल्ब पांढराफटक पडला. सगळ्यांनी एकदम घागरी काढल्या होत्या.

वैजू खिडकीतून नाहीशी झाली. ते पी पी सुरू झालेलं मला एवढ्या गलक्यातही ऐकू आलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. यंत्र बॅटरीवर गेलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हात खालीच ठेवला.

मी खटक्यावरचा हात काढला नाही, आणि खटका ओढलाही नाही.

मुहूर्त सरत आला होता. मुहूर्त संपला की गुरव पुन्हा एकदा घंटा वाजवतो. त्या घंटेच्या आत सातपुत्यांचे माग चालू झाले नाहीत असं एकही वर्ष गेलं नव्हतं. मालक गेले त्या वर्षीसुद्धा नाही. गल्लीतल्या बायका चुकचुकायला लागल्या. सखू तर मोठ्यानं म्हणाली, “अक्का, ओढा की!”

आणि समोरच्या दारातून, मधे कुणालाही न घालता, थेट माझ्याकडे बघून, दत्तूअण्णा ओरडले, “गोदाक्का! मुहूर्त चालला! ओढ की आता!”

मीही थेटच ओरडले. “माझ्या सुनेचा हात वर झाल्याबिगर न्हाई!”

मग ते हसले. म्हाताऱ्याचे पुढचे दोन दात पडलेले होते, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

दुसरी घंटा झाली. मुहूर्त गेला.

मी उभीच होते. डोक्यावरचा पांढरा बल्ब हळूहळू पिवळा झाला. रोजच्यासारखा झाला. पी पी थांबलं. वैजू आत वाकून बघून आली, आणि तिनं हात वर केला. नुसता हात नाही, दोन्ही हात.

मी खटका ओढला.

सगळे माग लागल्यावर मी पूजेचं ताट घेऊन तिच्या खोलीत गेले. त्या कपाटाला कुठं कुंकू लावायचं ते मला कळेना. वैजूनं बोट दाखवलं, दाराच्या कडेला, लोखंडावर.

“पाण्याचा थेंब नको हं, आत्या.”

“मला अक्कल शिकवू नको.”

मी कोरडं कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. पंख्याच्या वाऱ्यानं ते पडलं. परत ठेवलं. परत पडलं. शेवटी वैजूनं ते उचलून आपल्या केसात खोवलं. रमाकांत गेल्यावर पहिल्यांदाच. मी ते बघितलं नाही असं दाखवलं.

“चालूच राहिलं, आत्या,” ती म्हणाली. “एकदाही थांबलं नाही.” मग केसातलं फूल सारखं करत, “पण तुमचा मुहूर्त गेला.”

“मुहूर्ताला काय,” मी म्हटलं, “तो पुढच्या साली परत येतोय.”

आणि ताट तिच्या हातात देऊन मी पोळ्या लाटायला गेले.